भंगारातून आकाशाकडे : जुन्या लढाऊ विमानांचे उड्डाणक्षम पुनरुज्जीवन आणि मूळ इंजिनांचा प्रश्न

प्रस्तावना :

मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावरील रे रोड हे स्थानक १८८५ ते १८९० या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखले जाते. स्थानकाकडून पूर्वेला समुद्राच्या दिशेने गेल्यास दारूखान्याचा परिसर लागतो. या नावातील 'दारू' म्हणजे तोफा-बंदुकांची दारू होय. येथील किनाऱ्यावर अनेक दशके जुनी जहाजे तोडली गेली आणि त्यांतून निघालेले नांगर, साखळदंड, पंप, झडपा, जनरेटर यांचा व्यापार आसपासच्या गाळ्यांत चालत आला. या व्यवसायात प्रत्येक यंत्राबाबत एक निर्णय घ्यावा लागतो. ते यंत्र चालू स्थितीतील वस्तू म्हणून विकायचे की वजनावर धातू म्हणून, हे गॅस कटरची ज्योत लागण्यापूर्वी ठरते. एकदा ज्योत लागली की तो निर्णय फिरवता येत नाही.

जुन्या लढाऊ विमानांना पुन्हा उडण्यायोग्य करण्याच्या कार्याशी या निर्णयाचा निकटचा संबंध आहे. हे कार्य प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेतील हौशी संग्राहकांचे मानले जाते. वस्तुतः आज जगभर जतन झालेल्या दुसऱ्या महायुद्धातील काही महत्त्वाच्या विमानांचा प्रवास भारतातून झालेला आहे आणि त्या प्रवासात पुणे शहराचाही वाटा आहे. प्रस्तुत लेखात उड्डाणक्षम पुनरुज्जीवन म्हणजे काय, त्यात मूळ इंजिनाला एवढे महत्त्व का, भारतात हे कार्य कोणत्या परिस्थितीत यशस्वी झाले आणि आज त्यापासून कोणता बोध घेता येईल, या मुद्द्यांचा विचार केला आहे.

उड्डाणक्षम पुनरुज्जीवनाची संकल्पना :

जुन्या विमानाचे जतन दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात विमान संग्रहालयात स्थिर स्वरूपात ठेवले जाते. गोव्यातील नौदल हवाई संग्रहालयात १९९८ पासून सी हॉक, अलिझे आदी विमाने अशा स्वरूपात पाहावयास मिळतात. दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयाचेही स्वरूप मुख्यतः असेच आहे. अशा विमानाचे बाह्यरूप अचूक असावे लागते. परंतु त्याच्या अंतर्भागातील प्रत्येक जोड भार पेलण्याइतका सक्षम असलाच पाहिजे असे नाही. किंबहुना गंजलेला मूळ भाग तसाच ठेवणे हेच स्थिर जतनात अधिक प्रामाणिक ठरते.

दुसऱ्या प्रकारात विमान पुन्हा आकाशात न्यायचे असते. तेथे प्रत्येक भागाची सुरक्षितता सिद्ध करावी लागते आणि जो भाग कसोटीस उतरत नाही तो बदलावा लागतो. पंखांचा पत्रा, रिव्हेट, तारा, नळ्या, रबरी भाग यांपैकी बहुतांश गोष्टी नव्याने घडवता येतात. मूळ आराखडे उपलब्ध असल्यास संपूर्ण सांगाडाही नव्याने उभारता येतो. त्यामुळे उडणाऱ्या जुन्या विमानातील मूळ धातू किती, असा तात्त्विक प्रश्न नेहमीच उपस्थित होतो.

या सर्व भागांत इंजिनाचे स्थान वेगळे आहे. विमानाचा पत्रा कुशल कारागीर हाताने घडवू शकतो. परंतु हजार ते अडीच हजार अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन नव्याने निर्माण करण्यासाठी लागणारे ओतकाम, घडाई, विशिष्ट पोलाद आणि मोजमापाची साधने यांची व्यवस्था युद्धकाळातील कारखान्यांबरोबरच विसर्जित झाली. म्हणून पुनरुज्जीवन करणाऱ्यास इंजिन 'बनवता' येत नाही, ते 'मिळवावे' लागते. विमान उडणार की संग्रहालयात उभे राहणार हे पुष्कळदा या एकाच गोष्टीवर ठरते.

इंजिनाची झीज व दुरुस्ती :

अनेक वर्षे पडून राहिलेले इंजिन बाहेरून सुस्थितीत दिसले तरी आतून निकामी झालेले असू शकते. ओलाव्यामुळे सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडतात. मॅग्नेशियम मिश्रधातूची आवरणे दमट हवेत झिजतात. बेअरिंगवरील मऊ धातूचा थर सुटतो आणि रबर व कॉर्कची गॅस्केटे कडक होऊन फुटतात.

वर्तुळाकार मांडणीच्या इंजिनात आणखी एक दोष संभवतो. या प्रकारात मध्यवर्ती क्रँकशाफ्टभोवती सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बसवलेले असतात, त्यामुळे काही सिलिंडर तळाशी उलटे येतात. इंजिन उभे असताना वंगणतेल झिरपून या खालच्या सिलिंडरांत साचते. द्रव दाबला जात नसल्याने अशा स्थितीत इंजिन सुरू केल्यास दट्ट्याला जोडलेला दांडा वाकतो किंवा सिलिंडरच फुटतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी पंखा हळूहळू फिरवून कोठे अडथळा जाणवतो का हे पाहण्याची पद्धत आहे. अडथळा जाणवल्यास जोर न लावता खालच्या सिलिंडरचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यावे लागते. ही साधी कृती वगळल्यामुळे दुर्मीळ इंजिन कायमचे गमावले जाऊ शकते.

संपूर्ण दुरुस्तीच्या वेळी इंजिन अखेरच्या भागापर्यंत सुटे केले जाते. पोलादी भाग चुंबकित करून त्यांवर तेलात मिसळलेली लोहाची बारीक पूड सोडतात. डोळ्यांना न दिसणारी भेग असल्यास पूड तिच्या कडेने गोळा होते. क्रँकशाफ्टचा घेर, बेअरिंगमधील फट, दात्यांची झीज यांची मापे घेऊन ती मूळ पुस्तिकेतील मर्यादांशी ताडली जातात. त्यानंतर जुळवलेले इंजिन चाचणी-मंचावर चालवून तेलाचा दाब, तापमान आणि कंप यांच्या नोंदी घेतात. युद्धकाळात वापरले जाणारे काही उच्च ऑक्टेनचे इंधन आता उपलब्ध नसल्याने इंजिन पूर्वीइतक्या दाबावर न चालवण्याची दक्षताही घ्यावी लागते.

या वर्णनावरून स्पष्ट होते की, इंजिनाच्या दुरुस्तीस चार गोष्टी आवश्यक असतात : मूळ वस्तू, सुट्या भागांचा साठा, मापे व इतिहास सांगणारे कागद आणि हे काम केलेले हात. यांपैकी एकाचीही उणीव असल्यास उरलेल्या तीन गोष्टी निरुपयोगी ठरतात.

दुर्मीळता आणि पर्यायी इंजिन :

सर्वच जुनी इंजिने सारखी दुर्मीळ नाहीत. अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे 'ट्विन वास्प' हे चौदा सिलिंडरचे, सुमारे १२०० अश्वशक्तीचे इंजिन १,७३,००० हून अधिक संख्येने निर्माण झाले. लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान, डाकोटा हे मालवाहू विमान आणि कॅटालिना हे सागरी विमान या तिघांतही याच कुळातील इंजिने होती. डाकोटा युद्धानंतरही अनेक दशके जगभर उडत राहिल्याने या इंजिनाचे सुटे भाग आणि जाणकार टिकून राहिले. स्पिटफायरला शक्ती देणारे रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' हे इंजिनही दीड लाखांहून अधिक बनले.

याउलट ब्रिस्टल कंपनीच्या 'सेंटॉरस' या अठरा सिलिंडरच्या इंजिनाची स्थिती आहे. सुमारे २५०० अश्वशक्तीच्या या इंजिनात नेहमीच्या झडपांऐवजी दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये पातळ पोलादी नळकांडे असते. ते वर-खाली सरकत असतानाच थोडे फिरते आणि त्यावरील खिडक्या सिलिंडरच्या मार्गांशी जुळल्या की हवा आत येते वा धूर बाहेर जातो. हे नळकांडे अत्यंत अचूक गोल असावे लागते. ते घडवण्याचे तंत्र मोजक्याच कारखान्यांना साधले होते. नेपिअर कंपनीचे चोवीस सिलिंडरचे 'सेबर' हे इंजिन याच तत्त्वावरचे, पण त्याहून गुंतागुंतीचे होते. टायफून या विमानाची निर्मिती हजारोंच्या संख्येने झाली, तथापि संपूर्ण स्वरूपात त्याचे एकच विमान उरले असून तेही ब्रिटनच्या संग्रहालयात स्थिर आहे. या विमानाचे इंजिन सेबर होते, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

मूळ इंजिन न मिळाल्यास पर्यायी इंजिन बसवण्याचा मार्ग उरतो. अमेरिकेतील अनेक सी फ्युरी विमानांत सेंटॉरसऐवजी राइट कंपनीची इंजिने बसवण्यात आली. जपानच्या झीरो या लढाऊ विमानाच्या काही नमुन्यांना तर त्यांच्या एकेकाळच्या शत्रूचे ट्विन वास्प इंजिन लाभले. मूळ 'साकाए' इंजिनावर उडणारे झीरो म्हणून कॅलिफोर्नियातील चिनो येथील संग्रहालयाच्या एकमेव विमानाची ख्याती आहे. जर्मनीच्या फॉके-वुल्फ १९० या विमानाचा एक नमुना रशियातील जंगलातून काढण्यात आला आणि मूळ बीएमडब्ल्यू इंजिनासह तो २०१० मध्ये अमेरिकेत पुन्हा उडाला.

पर्यायी इंजिन सुरक्षित आणि सोयीचे असते यात शंका नाही. परंतु इंजिन बदलले की विमानाचे नाक, वजनाचा तोल, पंख्याची फिरण्याची दिशा, आवाज आणि हाताळणी बदलू शकते. त्या काळातील वैमानिकाला आणि तंत्रज्ञाला नेमक्या कोणत्या अडचणी होत्या, हे ज्ञान मूळ यंत्र चालत असतानाच मिळते. या अर्थाने मूळ इंजिन हा तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा चालता दस्तऐवज ठरतो.

कानपूर ते पुणे : भारतीय अनुभव :

वर उल्लेखिलेल्या चार गोष्टी एकत्र आल्यास काय घडू शकते याचे भारतातील ठळक उदाहरण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे आहे. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलाकडील अमेरिकी लिबरेटर विमाने मोठ्या संख्येने कानपूर येथे गोळा करण्यात आली. ही विमाने उसनवार कराराखाली मिळालेली असल्याने ती ठेवून घेता येत नव्हती. त्या काळच्या हकीकतींनुसार, पुन्हा उडू नयेत अशा रीतीने ती हेतुपुरस्सर निकामी करण्यात आली. उपकरणे फोडली गेली आणि पत्र्यास भोके पाडली गेली. ब्रिटिश निघून गेल्यावर उरले ते केवळ एक विस्तीर्ण भंगारस्थान.

नवजात भारतीय हवाई दलाकडे जड बॉम्बफेकी विमान नव्हते आणि ते विकत घेणे सोपे नव्हते. अशा वेळी १९४८ मध्ये हे काम बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याकडे सोपवण्यात आले. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये या कारखान्याची स्थापना केली होती. युद्धकाळात तो अमेरिकी हवाई दलाच्या व्यवस्थापनाखाली विमाने आणि इंजिने दुरुस्त करण्याचे केंद्र बनला होता. साहजिकच अमेरिकी विमानांची ओळख असलेले कामगार आणि तंत्रज्ञ तेथे घडले होते.

कारखान्याचे पथक कानपूरला गेले. त्यातल्या त्यात बरे सांगाडे निवडून, एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावून, एका उड्डाणापुरती दुरुस्ती करण्यात आली. अशी विमाने बंगळुरूपर्यंत उडवत नेण्याची जोखीम कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी पत्करली. बंगळुरूत त्यांची संपूर्ण दुरुस्ती झाली. अशा रीतीने चाळीसच्या आसपास लिबरेटर विमाने सेवेत आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये स्थापन झालेल्या पाचव्या स्क्वाड्रनला ही विमाने मिळाली. पुढे १९५१ मध्ये पुण्यात पुन्हा उभारलेल्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांचा उपयोग सागरी टेहळणीसाठी केला. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, म्हणजे टाकून दिल्यानंतर ही विमाने वीस वर्षे कार्यरत होती.

हे यश केवळ जिद्दीचे मानल्यास त्याचे विश्लेषण अपुरे राहील. कानपूरला वस्तू आणि सुटे भाग एकाच ठिकाणी होते, कारण शेकडो विमाने वितळवली न जाता तेथेच पडून होती. कारखान्याकडे अमेरिकी विमाने हाताळलेले हात होते. इंजिन ट्विन वास्प कुळातील असल्याने डाकोटाच्या देखभालीचा अनुभवही उपयोगी पडण्याजोगा होता. हीच विमाने सेंटॉरस किंवा सेबर इंजिनाची असती, तर हा प्रयोग कितपत साधला असता याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

विमाने देशाबाहेर, कसब येथेच :

अमेरिकेत १८,००० हून अधिक लिबरेटर बनली. युद्धानंतर त्यांपैकी बहुतेक वितळवली गेली. त्यामुळे भारतात निवृत्त झालेली विमाने एकाएकी मौल्यवान ठरली. त्यांपैकी काही १९६८ पासून पुढील काळात कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधील संग्रहालयांना मिळाली. काही तर स्वतःच्या शक्तीवर उडत गेली. आज जगात शिल्लक असलेल्या लिबरेटर विमानांत भारतीय हवाई दलाने वापरलेल्या विमानांचा वाटा लक्षणीय आहे. त्यांपैकी एक अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने दीर्घ परिश्रमांनंतर १९८९ मध्ये पुन्हा उडवले.

स्पिटफायर आणि टेंपेस्ट यांची कथा अशीच आहे. काश्मीरच्या १९४७-४८ च्या युद्धात टेंपेस्ट विमाने वापरली गेली होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून परदेशी संग्राहकांनी भारतातील तळांवर पडलेली अनेक स्पिटफायर आणि पाठोपाठ टेंपेस्ट विमाने खरेदी करून नेली. भारतीय हवाई दलाने वापरलेले असेच एक टेंपेस्ट सेंटॉरस इंजिनासह २०२३ मध्ये ब्रिटनच्या आकाशात झेपावले. टाकून दिल्यापासून पुन्हा उडेपर्यंत त्याला काही दशके लागली.

भारतीय हवाई दलानेही जुनी विमाने उडती ठेवण्याचा प्रयत्न केला आहे. टायगर मॉथ हे प्रशिक्षण विमान २०१२ च्या हवाई दल दिनी उडाले. १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य घेऊन उतरलेल्या डाकोटाचा क्रमांक धारण करणारे 'परशुराम' हे विमान मे २०१८ मध्ये हवाई दलात दाखल झाले. ते राजीव चंद्रशेखर यांनी भेट दिले होते. मात्र ही दोन्ही विमाने दुरुस्त झाली ती ब्रिटनमध्ये. ज्या देशाने १९४८ मध्ये भंगारातून बॉम्बफेकी विमानांचे दल उभे केले, त्याला सत्तर वर्षांनंतर डाकोटासाठी परदेशी कार्यशाळेवर अवलंबून राहावे लागले. वस्तू जतन करण्यापेक्षा कौशल्य जतन करणे अधिक कठीण असते, याचा हा प्रत्यय होय.

पुन्हा रे रोड :

या पार्श्वभूमीवर दारूखान्यातील एक घटना विचारात घेणे उचित ठरेल. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली विमानवाहू नौका विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. देखभालीचा भार न पेलल्याने तिचा सुमारे ६० कोटी रुपयांना लिलाव झाला. नौका वाचवण्यासाठी झालेले न्यायालयीन प्रयत्न २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपुष्टात आले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दारूखान्यात तिची तोडणी सुरू झाली. तिच्या धातूचा काही अंश २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एका मोटारसायकलीत वापरला गेला.

या घटनेत दोष शोधण्यापेक्षा तिचा अर्थ समजून घेणे महत्त्वाचे आहे. विक्रांतचा धातू उरला, नाव उरले. २०२२ मध्ये नव्या नौकेला ते नाव मिळालेही. मात्र जुनी नौका चालवणारी यंत्रणा उरली नाही. धातू स्मरणिका होऊ शकतो, परंतु यंत्राची कार्यपद्धती धातूच्या तुकड्यात राहत नाही. दारूखान्यातील कामगारांनी त्यांचे काम केले. काय राखायचे याचा निर्णय मात्र नौका तेथे पोहोचण्यापूर्वीच, विद्वत्तेच्या आणि प्रशासनाच्या पातळीवर व्हावयास हवा होता.

हाच प्रश्न आज दुसऱ्या एका विमानाबाबत उभा आहे. १९६३ पासून सेवेत असलेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. या विमानांची बांधणी नाशिकजवळील ओझर येथे आणि इंजिनांची निर्मिती ओडिशातील कोरापुट येथे होत असे. आज या विमानाचे सांगाडे, इंजिने, आराखडे आणि ती घडवलेले निवृत्त तंत्रज्ञ या चारही गोष्टी देशात आहेत. चौकाचौकांत विमाने उभी केल्याने सांगाडे राहतील. परंतु तेल लावून, सीलबंद करून ठेवलेली मोजकी इंजिने, त्यांच्या नोंदवह्या आणि तंत्रज्ञांचे अनुभव यांची तरतूद आताच न केल्यास काही दशकांनी ही विमाने केवळ पाहण्यापुरती उरतील.

समारोप :

जुन्या लढाऊ विमानाचे उड्डाण हा हौसेचा किंवा गौरवाचा विषय वाटला तरी त्याच्या मुळाशी जतनाचा एक कठोर नियम आहे. वस्तू, सुटे भाग, कागद आणि कसब यांपैकी सर्वांत आधी कसब नाहीसे होते आणि त्याची उणीव सर्वांत शेवटी लक्षात येते. कानपूर येथील यश हे चारही घटक एकत्र असल्याचे फलित होते, तर विक्रांतची तोडणी हे त्यांचा वेळीच विचार न झाल्याचे उदाहरण होय.

या कामी महाविद्यालयांना करता येण्याजोगे कार्य खर्चिक नाही. ओझर येथील निवृत्त तंत्रज्ञ, लोहगाव तळावर काम केलेले यांत्रिक आणि दारूखान्यात यंत्रे सुटी करण्यात आयुष्य घालवलेले कामगार यांच्या मुलाखती नोंदवणे, जुन्या पुस्तिका व नोंदवह्या मिळवून त्यांच्या प्रती करणे ही कामे इतिहास, पदार्थविज्ञान आणि वाणिज्य या विभागांचे विद्यार्थी एकत्रितपणे करू शकतात. कोणते यंत्र उद्या दुर्मीळ ठरेल हे आज सांगता येत नाही; परंतु ते कसे चालत होते हे सांगणारी माणसे आज भेटू शकतात. त्यांचे सांगणे वेळीच टिपून ठेवणे, हीच पुनरुज्जीवनाची पहिली पायरी होय.